उंदरांचे 'औषध' आणि शाळेचे आवार

नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठी वाढलेल्या मुलाला उंदराची ओळख करून द्यावी लागत नाही. बारामती व इंदापूर ह्या दोन तालुक्यांत आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने एकाच जागी उभा असतो. त्याच्या दाट सावलीत, पाचटाखाली आणि कालव्याच्या भरावात उंदरांना व घुशींना निवारा, पाणी आणि अन्न ही तिन्ही एकाच ठिकाणी लाभतात. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी धूर ओकू लागली व तोडणीस आरंभ झाला, म्हणजे हा आसरा एकाएकी नाहीसा होतो. मग हे बिऱ्हाड शेतातून बांधावर, बांधावरून वस्तीकडे आणि वस्तीलगत शाळा असल्यास शाळेच्या कोठीत येऊन उतरते. शाळेत त्यास काय मिळत नाही? पोषण आहाराचे तांदूळ आहेत, डब्यांतून सांडलेली भाकरी-चटणी आहे, आणि बाळंतपणासाठी मऊ बिछाना हवा तर कपाटात जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. उंदराच्या दृष्टीने पाहिले तर ह्याहून उत्तम धर्मशाळा शोधून सापडावयाची नाही.

ह्या दिवसांत पालकांकडून एक सूचना हटकून येते: "सर, कोपऱ्याकोपऱ्यातून औषध टाकून द्या, दोन दिवसांत सगळे साफ होईल." सूचना सद्हेतूने केलेली असते, व सुचविणाऱ्याने आपल्या गोठ्यात तसे केलेलेही असते. तथापि शाळेच्या आवारात ती स्वीकारता येत नाही. का येत नाही, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस नीट कारणांसह सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहा. आपण 'उंदराचे औषध' म्हणतो, पिकावर 'औषध मारले' म्हणतो, आणि ताप आला म्हणजे मुलाला 'औषध घे' म्हणतो. तिन्ही वस्तूंना एकच नाव! मोठ्या माणसास संदर्भाने अर्थ कळतो. पहिलीच्या मुलास तो कळेलच असे नाही. औषध म्हणजे आई देते ते, घेतल्यावर बरे वाटते ते, एवढेच त्याने शिकलेले असते. तेव्हा घरोघर निदान ह्या एका बाबतीत भाषा बदलावी आणि त्या पुडीस सरळ विष म्हणावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पूर्वी उंदीर मारण्यास सोमल वापरीत. त्याला कोणी औषध म्हटले तरी सोमल हे नावच ऐकून ऐकणारा सावध होत असे. आता पुड्या रंगीत आहेत, वड्या गुलाबी अथवा निळ्या आहेत, आणि काहींचा आकार तर वाण्याच्या दुकानातील वडीसारखाच असतो.

ह्यावरून उंदरांची गय करावी असे मी म्हणतो, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. उंदराने महाराष्ट्राचे काय केले ते इतिहासात नमूद आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला व लवकरच पुण्यास पोहोचला. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांस त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. गावात 'उंदीर पडू लागले' की माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. ती आठवण आपल्या पणजोबांच्या पिढीपर्यंत ताजी होती. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी पुन्हा प्लेगची साथ दिसली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. तो रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होतो. तेव्हा उंदीर शाळेत नको, ह्याविषयी दुमत नाही. वाद आहे तो साधनाविषयी.

प्लेगच्या इतिहासात विष टाकणाऱ्यांसाठी एक धडाही आहे, व तो फारसा कोणी सांगत नाही. प्लेगचे जंतू उंदरावरील पिसवा माणसापर्यंत आणतात, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली आपल्याच देशात काम करीत असता दाखविले. उंदीर मेला व त्याचे अंग थंड पडले की पिसवा त्यास सोडतात आणि दुसरे ऊबदार शरीर शोधतात. म्हणून साथीच्या दिवसांत आधी पिसवा माराव्या, मग उंदीर, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. नुसते विष टाकून उंदीर भिंतीत व छपरात मरू देणे म्हणजे त्या पिसवांना वर्गातील बाकांकडे पाठविणे होय.

आता ही विषे कोणती व ती शरीरात काय करतात ते पाहू. आपल्या भागात सर्वांत परिचयाचे ते झिंक फॉस्फाईड. ही काळसर करडी पूड असते व तिला लसणीसारखा उग्र वास येतो. शंभर भाग आमिषात सुमारे दोन भाग पूड, तेलाचा हात आणि भरडलेले धान्य असे मिश्रण शेतकरी करतात. पूड पोटात गेली की जठरातील आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फीन नावाचा वायू निर्माण होतो. शरीरातील प्रत्येक पेशी प्राणवायूचा उपयोग करून जगते. फॉस्फीन नेमकी हीच क्रिया थांबवितो. श्वास चालू असतो, रक्तात प्राणवायू असतो, परंतु पेशींना तो वापरता येत नाही. प्रथम हृदय व फुप्फुसे थकतात. रसायनाच्या पुस्तकातील आम्ल आणि फॉस्फाईड यांचे समीकरण ज्यांनी पाठ केले आहे, त्यांनी ते येथे पोटात घडत आहे अशी कल्पना करावी. ह्या विषावर उतारा नाही. डॉक्टर आधार देऊ शकतात, लक्षणांवर उपाय करू शकतात. पण फॉस्फीनला मारणारी अशी वस्तू कोणाजवळ नाही.

ह्याच घराण्यातील दुसरे विष ॲल्युमिनियम फॉस्फाईड. त्याला तर पोटातील आम्लाचीही गरज नाही. हवेतील ओलावा पुरतो. धान्य साठविताना ज्या गोळ्या घालतात त्या ह्याच. एका तीन ग्रॅमच्या गोळीतून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन बाहेर पडतो. सरकारी यंत्रणा व प्रशिक्षित कीडनियंत्रक यांच्याखेरीज इतरांनी ती वापरू नये असा निर्बंध आहे, तरी खेडोपाडी ती सहज हाती लागते हे आपण सर्व जाणतो. कित्येक जण घुशीच्या बिळात ही गोळी टाकून वर ओला चिखल लिंपतात. शेताच्या बांधावर त्याचे काय होईल ते होवो. शाळेच्या पायालगतचे बीळ मात्र दुसऱ्या टोकाला कोठे उघडते हे घुशीवाचून कोणास ठाऊक नसते. ते वर्गाच्या फरशीखाली उघडत असेल तर वायू वर्गात येईल.

तिसरे विष पिवळा फॉस्फरस. हा मलमाच्या नळीत मिळतो व पावाला अगर भज्याला लावून ठेवतात. ह्याचा इतिहास विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. एके काळी आगकाड्यांच्या टोकाला हाच फॉस्फरस असे. कारखान्यातील कामगारांचे जबडे त्याच्या वाफेने सडू लागले, तेव्हा १९०६ साली बर्न येथे निरनिराळ्या राष्ट्रांनी त्याविरुद्ध करार केला, आणि हिंदुस्थानातही १९१३ साली अशा काड्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. आज काड्यापेटीच्या बाजूस असतो तो तांबडा फॉस्फरस. तो निराळा व पुष्कळ सौम्य. जी वस्तू काडीच्या टोकावर नको म्हणून जगाने टाकून दिली, ती भज्याला लावून मुलांच्या वाटेत ठेवणे कोणत्या शहाणपणात बसते? ह्या विषाचा स्वभावही कपटी आहे. पहिल्या दिवशी ओकाऱ्या व पोटदुखी होते; मग एक ते तीन दिवस रोगी बरा दिसतो, खेळूही लागतो. आईबाप निश्चिंत होतात. त्यानंतर यकृत निकामी होत असल्याची चिन्हे दिसू लागतात, आणि तोपर्यंत बहुमोल वेळ निघून गेलेला असतो.

चौथा वर्ग रक्त न गोठू देणाऱ्या विषांचा. ह्याचा शोध गमतीचा आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन भागात बुरशी आलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातील द्रव्य १९४० च्या सुमारास वेगळे करण्यात आले. त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झाले व १९४८ पासून ते उंदरांसाठी विकले जाऊ लागले. काही वर्षांनी तेच वॉरफरिन हृदयविकाराच्या रोग्यांना मोजून देण्यात येऊ लागले. येथे मात्र 'औषध' हा शब्द दोन्ही अर्थांनी खरा ठरला! हल्ली मिळणाऱ्या मेणाच्या वड्यांत ब्रोमॅडिओलोनसारखी ह्याच कुळातील अधिक तीव्र द्रव्ये असतात. प्रमाण अत्यल्प असते व के जीवनसत्त्व हा ह्यावर खरा उतारा आहे. म्हणून चारांत हाच वर्ग त्यातल्या त्यात कमी भयंकर म्हणता येईल. परंतु परिणाम दोन-तीन, कधी पाच दिवसांनी दिसतो. हिरड्यांतून अगर नाकातून रक्त येऊ लागले म्हणजे मुलाने चार दिवसांपूर्वी काय तोंडात घातले होते ते कोणाला आठवणार?

कोणी म्हणेल, हे सर्व घरीही खरेच आहे. मग शाळेचेच एवढे काय? फरक आहे. वीस किलो वजनाच्या मुलाच्या पोटात जेवढे विष जाईल, तेवढेच साठ किलोच्या माणसाच्या पोटात गेले तरी मुलावर त्याचा भार किलोमागे तिप्पट पडतो; हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे. घरी दोन-तीन मुलांवर आईची नजर असते. मधल्या सुट्टीत चारशे मुलांवर चार शिक्षकांची. आणि घुशीला एक खोड आहे: ती खाते त्याहून अधिक उचलून नेते व बिळात साठविते. रात्री कोठीच्या कोपऱ्यात नीट ठेवलेले आमिष सकाळी खो-खोच्या खांबाजवळ सापडले, तर त्यात नवल नाही. आपण जागा ठरवावी आणि ती घुशीने पाळावी, असा करार तिने कोणाशी केलेला नाही.

अन्न व विष एका छपराखाली आले म्हणजे काय घडते, हे बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या प्राथमिक शाळेने सर्व देशाला दाखविले. १६ जुलै २०१३ रोजी तेथे मध्यान्ह भोजन घेतलेली २३ मुले दगावली. ते उंदरांचे विष नव्हते; पिकावर फवारावयाचे मोनोक्रोटोफॉस होते व ते स्वयंपाकाच्या तेलातून अन्नात उतरल्याचे तपासणीत आढळले. मुलांनी भाजीला चव नाही अशी तक्रार केली होती, असेही त्या वेळी प्रसिद्ध झाले. नाव वेगळे असले तरी मार्ग तोच आहे. तांदळाच्या पोत्याजवळ सांडलेली काळी पूड, विषाला वापरलेले आणि मग नुसते विसळलेले भांडे, रिकाम्या डब्यात भरलेले मीठ — ह्या गोष्टी कोणी मुद्दाम करीत नाही. त्या घाईत घडतात. कीटकनाशकांविषयीचे १९७१ चे नियम असे विष वेगळ्या जागी, कुलपात ठेवावयास सांगतात. विद्यार्थ्यांनी एक खूण शिकून ठेवावी: प्रत्येक अधिकृत वेष्टनावर तिरका चौकोन असतो व त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. तांबडा सर्वांत घातक, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आठवडे बाजारात विनानावाच्या कागदी पुडीत जे मिळते, त्यावर ही खूण नसते. तेवढ्यावरूनच ते घेऊ नये.

आणखी एक हानी आहे, तिची दाद कोणी मागत नाही. विष खाल्लेला उंदीर तत्काळ मरत नाही. तो सुस्त होऊन उघड्यावर भटकतो व सोपे भक्ष्य बनतो. त्याला मांजर खाते, धामण गिळते, गव्हाणी घुबड उचलते. रक्त न गोठू देणारी विषे उंदराच्या यकृतात टिकून राहतात आणि खाणाऱ्याच्या शरीरात उतरतात. आपला हा मुलूख त्या बाबतीत मोठा भाग्यवान आहे: इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावर हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी दूर देशांहून येतात, सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पक्षी पाहण्यास माणसे मुंबई-पुण्याहून येतात. कॅलिफोर्निया राज्याने २०२० साली कायदा करून ह्या कुळातील तीव्र विषांच्या वापरावर कडक निर्बंध घातले, ते मुख्यतः वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी. धामण दिसली की काठी उचलायची आणि उंदीर वाढले की विष आणावयाचे, हा आपला व्यवहार मला तर उलटा वाटतो.

बरे, एवढी जोखीम घेऊन उंदीर संपतात काय? बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात ह्याचा कसून अभ्यास झाला. विषाने संख्या घटते, पण उरलेल्यांना अन्न व जागा मुबलक मिळून काही महिन्यांत ती पूर्ववत होते. कचरा व आडोसा काढला तर मात्र ती घटलेलीच राहते, असे तेथे दिसून आले. मादीचे गर्भारपण अवघे तीन आठवड्यांचे, वेतात पाच ते आठ पिले, आणि पिले तीन महिन्यांत स्वतः आईबाप होतात. मग नवल कसले? शिवाय उंदराला ओकता येत नसल्यामुळे तो नवे अन्न आधी चाखून पाहतो, आणि झिंक फॉस्फाईडने एकदा पोट दुखले तर ते आमिष पुन्हा शिवत नाही. विषाच्या यशाचे मोजमापही फसवे असते. २०१८ च्या मार्चमध्ये मंत्रालयातील उंदरांचा प्रश्न विधानसभेत गाजला. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारले कसे, असे एकनाथ खडसे यांनी विचारले. तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा आहे, असा मग खुलासा झाला. टाकलेल्या गोळ्या मोजता येतात. मेलेले उंदीर मोजावयास बिळात कोण जाणार? ह्या दृष्टीने मुंबई महापालिकेचे रात्री काठी व विजेरी घेऊन उंदीर मारणारे कामगार अधिक चोख म्हणावे लागतील. त्यांना रात्रीला तीस उंदरांचा हिशेब प्रत्यक्ष द्यावा लागे.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या मुलाच्या तोंडात, मग ते घरी का होईना, विष गेल्याचा संशय आला तर काय करावे? मुलाला ओकावयास लावू नये. मिठाचे पाणी पाजू नये. दूध तर मुळीच पाजू नये. 'विषावर दूध' ही आपल्याकडील जुनी समजूत आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या बाबतीत स्निग्ध पदार्थांबरोबर विष अधिकच शोषले जाते, म्हणून ती येथे घातक ठरते. तोंडात उरलेले असेल ते पुसून काढावे, हात धुवावे, आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करून लागलीच रुग्णालय गाठावे. वेष्टन, पुडी, उरलेली वडी, जे काही सापडेल ते बरोबर न्यावे; कारण वर सांगितलेल्या सर्व विषांचे उपचार एकसारखे नाहीत. मूल ओकलेच तर खिडक्या उघडाव्या व त्या वायूजवळ वाकून बसू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १८०० ११६ ११७ ह्या क्रमांकावर सल्ला देते. मूल हसत-खेळत आहे म्हणून घरी ठेवू नये, हे मी मुद्दाम दुसऱ्यांदा लिहीत आहे.

शाळेपुरते उपाय साधे आहेत, व त्यांतील बहुतेकांस सुतार व झाडू पुरतो. पोती जमिनीवर नकोत, फळ्यांवर हवीत, आणि भिंतीपासून हातभर सुटी, म्हणजे मागे झाडता येते. तांदूळ पत्र्याच्या झाकणाच्या कोठीत असावा. उंदराचे पिलू बोटभर भोकातूनही आत येते. म्हणून खिडक्यांना व मोरीच्या तोंडाला पाव इंची जाळी आणि दाराच्या खालच्या कडेस पत्र्याची पट्टी हवी. भोके चिंध्यांनी बुजवू नयेत. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात व ते झिजविण्यास त्याला कुरतडणे भागच असते, तेव्हा चिंधी म्हणजे त्याची करमणूक. पिंजरे भिंतीलगत ठेवावे. पहिले दोन-तीन दिवस खोबऱ्याचा तुकडा आत ठेवून दार उघडेच राहू द्यावे, कारण नवी वस्तू उंदीर लगेच विश्वासाने घेत नाही. पकडलेला उंदीर मुलांच्या देखत मारू नये, मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नये, आणि खोल खड्ड्यात पुरावा. काही कारणाने कीडनियंत्रकास बोलवावे लागलेच, तर सुट्टीत, आमिष कुलूपबंद पेटीत, आणि पालकांना आधी कळवूनच. कॅलिफोर्नियात २००० सालच्या कायद्याने शाळांना अशी सूचनेची पाटी फवारणीपूर्वी २४ तास लावावी लागते व नंतर ७२ तास ठेवावी लागते. आपल्याकडे कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही; फळा व खडू शाळेत आहेतच.

त्याच खडूचा आणखी एक उपयोग वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी करून पाहावा. खडूची भुकटी संध्याकाळी कोठीच्या भिंतीलगत पातळ पसरावी व सकाळी पावलांचे ठसे वहीत काढावे. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटे उमटतात, मागच्याला पाच. दोन्ही पायांना पाच-पाच बोटे दिसली तर ती चिचुंद्री समजावी. तिला लोक उगीच उंदरांत मोजतात. ती धान्याकडे फारशी पाहत नाही, रात्रभर झुरळे खात हिंडते. तिच्यासाठी पिंजरा लावू नये.